अकरा घरांचं विरजण

शनिवारी दुपारी, तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या शोधनिबंधाचं सातवं पान मशीनमधून बाहेर आलं. काउंटरमागच्या मुलीनं ते उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "अय्या, हा तर आमचा डबा!" पानावर एक रंगीत फोटो होता. पोशीर गावातल्या एका ओट्यावर फोटोसाठी ओळीनं मांडलेली अकरा भांडी, स्टीलचे डबे, वाट्या, एक पितळी गडवा, एक मडकं. मुलीनं बोट ठेवलेल्या डब्याच्या झाकणावर 'प्रवीण' असं नाव घातलेलं होतं. "मी प्रवीणची बायको, म्याडम. रिया. मागल्या थंडीत तुमी आमच्याकडं विरजण न्यायला आला होता नाय का? च्या पिऊन गेला." मी म्हणाले, "हो तर, सातवं घर." माझी स्मरणशक्ती चांगली आहे, आणि ती चांगली आहे हे लोकांना दाखवायलाही मला आवडतं. रिया खूश झाली. एकेका भांड्यावर बोट ठेवत ती कोणाचं कोणतं ते सांगत गेली, आणि शेवटी हसून म्हणाली, "भांडी अकरा नि विरजण मात्र एकच. समदं विमलकाकीकडचं." मी विचारलं, म्हणजे काय. "म्हंजे काय म्याडम, तुमी आला तवा दिवे लागले होते ना. दिवे लागल्यावर घरचं विरजण भायेर कोण देतं? आणि तुमाला नाय तरी कसं म्हनायचं? मग आमी मागल्या दारानं काकीकडनं आनून देत होतो. ती देते. तिचा दुधाचा धंदा हाय, तिला दिवेलागण लागत नाय." एवढं बोलून तिनं कागदाची कड नीट केली आणि विचारलं, "कलर अजून किती काढू?"

मी 'राहू दे' म्हणाले, कागद गोळा केले आणि गाडीत येऊन बसले. किल्ली लावली नाही. समोर कचेरीच्या भिंतीशी सेतू केंद्राच्या दाखल्यांसाठी आलेली माणसं उकिडवी बसली होती, आणि माझ्या मांडीवर नऊ पानांचा मजकूर होता, ज्यातलं एकही वाक्य आता मला ताठ मानेनं वाचता आलं नसतं. मी कर्जतच्या कॉलेजात एकवीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एकवीस वर्षांत माझे तीन निबंध छापून आले, तिन्ही अशा नियतकालिकांत जी छापणाऱ्याशिवाय कोणी वाचत नाही. हा चौथा खरा होता. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकानं तो स्वीकारला होता, शेवटची मुद्रितं तपासून सोमवारी दुपारी बारापर्यंत परत करायची होती, की झालं. विषय साधा आहे, कोणालाही सांगता येतो. दह्यातल्या एका जिवाणूच्या पोटात सुमारे वीस लाख अक्षरांची पोथी असते. अक्षरं चारच, पण त्यांचा क्रम ज्याचा त्याचा. ती पोथी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढायची म्हणजे जीनोम सिक्वेन्सिंग. पूर्वी याला वर्षं लागत. आता पुण्याच्या प्रयोगशाळेत नळ्या पाठवल्या की तीन आठवड्यांत सगळी अक्षरं ई-मेलनं येऊन पडतात. दोन घरांतल्या जिवाणूंच्या पोथ्या शेजारी शेजारी ठेवायच्या, किती अक्षरं बदलली ते बघायचं, आणि ही दोन घराणी एकमेकांपासून कधी वेगळी झाली याचा अंदाज बांधायचा. पोशीरच्या अकरा घरांच्या अकरा पोथ्या मी शेजारी ठेवल्या, तर वीस लाखांत कुठे एक अक्षर वेगळं, कुठे दोन, बहुतेक ठिकाणी एकही नाही. त्यावरून मी लिहिलं की एका गावानं, अकरा चुलींवर, पिढ्यान्‌पिढ्या एकच जिवाणू सांभाळला. त्याला मी 'पोशीर-१' असं नाव दिलं. आता कळलं की मी एका बाईचं एक मडकं अकरा वेळा तपासलं होतं आणि ते स्वतःसारखंच आहे असा शोध लावला होता.

हसू आलं, हे आधी सांगते. रडू नंतर आलं आणि थोडंच आलं. कारण मूर्खपणा इतका देखणा होता की त्याला दाद द्यावीशी वाटली. त्या तीन संध्याकाळी मला स्वच्छ आठवत होत्या. कॉलेज साडेपाचला सुटायचं, बर्फाची पेटी भरून, नळ्या मोजून, माझ्या विद्यार्थिनीला, सुरभीला, बरोबर घेऊन पोशीरला पोचेपर्यंत पावणेसात. जानेवारीत तेव्हा मिट्ट अंधार असतो. ओट्यावर पाऊल ठेवलं की मी माहितीपत्रक वाचून दाखवायची, सही किंवा अंगठा घ्यायची, आणि मग, कागद पिशवीत घालताना, भुवया उंचावून हसत विचारायची, "दिवेलागणीनंतर देऊ नये वगैरे असलं काही तुम्ही मानत नाही ना?" अकराही घरांत उत्तर एकच आलं. "छे, आता कोण मानतं, म्याडम. बसा, च्या टाकते." मग आतून स्टोव्हचा आवाज, कपबशांचा आवाज, मध्येच मागच्या दाराची कडी, आणि दहा-पंधरा मिनिटांनी एका हातात चहा, एका हातात झाकलेलं भांडं. "हे तुमच्याच घरचं ना?" "आमचंच की." त्यात खोटं काही नव्हतं. विमलकाकीचं ते आमचंच, असं त्यांचं म्हणणं असणार. माझ्या वहीत पहिल्याच पानावर नोंद आहे, ती मी गाडीत बसल्या बसल्या मनातल्या मनात वाचली, 'प्रत्येक घरी दहा ते पंधरा मिनिटं थांबावं लागतं. अगत्य उल्लेखनीय.' मी स्वतःला बारकाईनं बघणारी समजते. बारकाईनं बघितलंच होतं, वेळसुद्धा घड्याळ लावून टिपली होती.

आणि ही रीत मला माहीत नव्हती असं थोडंच आहे? मी कर्जतातच जन्मले. नऊ वर्षांची असताना एकदा शेजारच्या काकू दिवे लागल्यावर वाटी घेऊन आल्या. आई उंबऱ्यातच म्हणाली, "अगं, आत्ताच संपलं बघ." मी पाढे म्हणत होते, ते थांबवून मोठ्यानं म्हणाले, "आई, खोटं का बोलतेस? फडताळात भांडंभर आहे की!" काकू हसल्या, आई लालबुंद झाली, आणि बाबांनी, ते तेव्हा मुख्याध्यापक होते, वर्तमानपत्र खाली ठेवून सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. म्हणाले, पोरगी खरं बोलली. काकूंना त्या दिवशी वाटीभर विरजण मिळालं. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पण त्या एका शाबासकीवर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे असं मला आज पहिल्यांदा वाटलं. तेव्हापासून मी जिथे जाईन तिथे फडताळातलं भांडं दाखवत आले, वर्गात, स्टाफरूममध्ये, लग्नघरांत. लोक म्हणतात उमा मॅडम स्पष्ट बोलतात. मला तो गौरव वाटायचा. आईनं मात्र त्या संध्याकाळी शेजारणीला दुखवायचं नव्हतं, आणि रीतही मोडायची नव्हती, म्हणून दोन्हींच्या मधून जाणारी एक छोटीशी वाट काढली होती, आणि मी तिच्यावर उजेड पाडला होता. पोशीरच्या बायकांनीही तीच वाट काढली. फरक एवढाच की मला सांगायला तिथे आगाऊ मुलगी नव्हती.

निबंध तपासणाऱ्या दोन परीक्षकांपैकी एकानं विचारलंच होतं. त्याचं नाव आपल्याला कळत नाही, पण माणूस जागा असणार. 'नमुन्यांतले फरक आश्चर्यकारकरीत्या कमी आहेत. लेखिकेनं खुलासा करावा.' मी अडीच पानांचा खुलासा केला. गावात बायका एकमेकींकडून विरजण कसं उसनं नेतात, एकीचं बिघडलं की दुसरीकडून कसं येतं, असं सतत मिसळत राहिल्यानं अकरा घरं मिळून एकच भांडं कसं होतं. मराठी माणसाला वाचून डोळ्यांत पाणी येईल असा तो परिच्छेद होता, आणि त्या परक्या परीक्षकालाही आलं असावं, कारण त्यानं लगेच मान्यता दिली. आता गाडीत मी तोच खुलासा पुन्हा स्वतःला देऊन बघितला. मी माझी फार चांगली वकील आहे. म्हटलं, जिवाणू खरा आहे. पोथी खरी आहे. एका अक्षराची लबाडी नाही. अकरा घरांनी दिलं, अकरा घरांच्या सह्या आहेत. रियाला निबंधातलं काही कळत नाही, ती कोणाला सांगणार नाही, आणि सांगितलं तरी ज्याला सांगेल तो विचारेल, मग काय झालं? सोमवारी बाराला ठीक म्हणून कळवायचं, पुढच्या वर्षी सावकाश नव्यानं नमुने घ्यायचे, जे निघेल ते पुढच्या निबंधात घालायचं. असं करणारी माणसं मला माहीत आहेत, आणि ती रात्री नीट झोपतात. युक्तिवाद संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तो खटला जिंकला होता आणि मला घाम आला होता. मी गाडी सुरू केली. घरी जायच्याऐवजी कॉलेजात गेले.

प्रयोगशाळेत सुरभी होती. ती माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, खालापूर तालुक्यातली. घरी भातशेती आहे, वडील खोपोलीला कारखान्यात असतात. शनिवारी संध्याकाळी कोणी सांगितलेलं नसताना काम करत बसणारी मुलगी. मी पर्स टेबलावर ठेवली आणि विचारलं, "पोशीरला आपण ओट्यावर बसायचो तेव्हा मागच्या दारानं कोणी बाहेर जाताना तू पाहिलंस का?" तिनं हातातली जिवाणू वाढवायची बशी झाकली, तिच्यावर तारीख लिहिली, आणि मग म्हणाली, "हो मॅडम." कधी? "पहिल्याच दिवशी. दुसऱ्या घरातल्या काकू पदराखाली भांडं घेऊन गेल्या. मला वाटलं साखर आणायला गेल्या. तिसऱ्या घरातही तसंच झालं. मग मला वाटलं, आमच्याकडे पण दिवे लागल्यावर देत नाहीत, तर..." ती थांबली. "मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला, तो माझा चढायचाच. "बोलले होते मॅडम. जूनमध्ये. आकडे आले तेव्हा. मी म्हटलं, नमुने कदाचित एकाच घरचे असतील का? तुम्ही म्हणालात..." तिनं पुढचं सांगायची गरज नव्हती. मी म्हणाले होते, 'सुरभी, आकडे स्वच्छ आले की तुम्हा लोकांना भीती का वाटते गं?' मला ते वाक्य आठवत होतं, कारण ते मला आवडलं होतं. मी ते दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पुन्हा वापरलं होतं, आणि सगळे हसले होते.

पडद्यावर सुरभीनं ती जुनी आकृती उघडली, अकरा पोथ्यांची वंशावळ. अशा आकृतीत फांद्या असतात, लांब, आखूड, एकमेकींपासून फुटत गेलेल्या. आमच्या आकृतीत फांद्याच नव्हत्या, एका उभ्या रेषेला अकरा नावं चिकटली होती. किती वेळा बघितली होती मी ती. तिच्याकडे बघून मला अभिमान वाटला होता. आता वाटत होतं, वीस लाख अक्षरं पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होती, हे सगळं एका मडक्यातलं आहे बाई. जिवाणूंनी कुठे भीड धरली नव्हती. मी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "संपादकांना मेल लिही. निबंध मागे घेतोय." सुरभीनं ई-मेल उघडला. "तुझ्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण जाईल," मी म्हणाले, "वर्ष वाया जाईल तुझं. त्याची भरपाई मी करू शकत नाही." ती म्हणाली, "जाऊ दे मॅडम. ते प्रकरण लिहायला बसले की मी दर वेळी आकडेच पुन्हा तपासत बसायचे." एवढंच. मी मजकूर सांगत गेले, ती टाइप करत गेली. नमुने अकरा घरांतून स्वीकारले असले तरी ते एकाच घरचे असल्याचं आज समजलं. त्यामुळे निष्कर्ष टिकत नाहीत. मग मी सांगितलं, 'ही चूक स्थानिक महिलांच्या गैरसमजुतीमुळे घडली.' टाइप करण्याचा आवाज थांबला. "नाही मॅडम," सुरभी म्हणाली. चार वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. तिचे कान लाल झाले होते. "त्यांची काही गैरसमजूत नव्हती. त्यांना त्यांची रीत माहीत होती. तुम्हाला काय हवंय तेही त्यांना बरोबर समजलं होतं. मी हे वाक्य नाही लिहिणार." मी तिला काहीतरी बोलणार होते, जीभ टाळूला लागलीसुद्धा होती. मग म्हणाले, "बरं. लिही, नमुने गोळा करण्याची वेळ आणि विचारलेला प्रश्न दोन्ही चुकीचे होते. दोन्ही माझे होते." तिनं लिहिलं. पाठवायचं बटण मी स्वतः दाबलं. चुकायचंच तर मोठ्यानं चुकावं, आणि सांगायचंही मोठ्यानं. त्यात मी कधी कमी पडलेली नाही.

घरी जेवताना बाबांना सांगितलं. बाबांचं नाव हेमचंद्र, वय त्र्याऐंशी, आणि गेला महिनाभर त्यांनी वाचनालयात, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे सांगून ठेवलं होतं की आमच्या उमाचा शोध विलायतेत छापून येतोय. त्यांनी घास खाली ठेवला. "आता मी लोकांना काय सांगू?" मी म्हणाले, सांगा की मुलगी चुकली. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "त्यापेक्षा कागद संपला म्हणून सांगतो." मी मोठ्यानं हसले. म्हातारपणी तेही आईच्या वाटेनं निघाले होते. पण ताट घासताना हसू मावळलं, कारण तोपर्यंत माझ्या मनात भलतंच उघडलं होतं. दिवेलागणीचा तो प्रश्न मी अकराच वेळा विचारला होता असं नाही. तो मी आयुष्यभर विचारत आले आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याची, देवेशची, पुण्याला बदली झाली तेव्हा मी म्हणाले होते, "मी इथेच राहिले तर तुला काही अडचण नाही ना?" असंच हसून, असंच कागद पिशवीत घालत. तो म्हणाला होता, छे, मला कसली अडचण. तेव्हापासून तो एक शनिवार सोडून येतो, बॅग दारामागे ठेवतो, चहा आवडला म्हणून सांगतो. मी त्याला समजूतदारपणा म्हणत आले. वर्गात मी विचारते, समजलं ना? सत्तर माना हलतात. माझे प्रश्न उत्तर कडेवर घेऊनच येतात, समोरच्यानं फक्त ते उतरवून घ्यायचं. आणि लोक चांगले असतात, उतरवून घेतात. याचं मला वाईट वाटलं. देवेशला तो प्रश्न पुन्हा विचारायचा, या वेळी त्याच्या उत्तरासाठी जागा ठेवून, हे मी नळ बंद करता करताच ठरवलं. मला ठरवायला वेळ लागत नाही, तेवढं एक बरं आहे.

रविवारी सकाळी साडेआठला सुरभी खोपोलीहून आली आणि आम्ही पोशीरला गेलो, लख्ख उन्हात. शेतं कापून झालेली, नुसती खुंटं उभी होती, आणि नेरळच्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे दिसत होते. आधी विमलबाईंकडे गेलो. त्यांचं घर आळीच्या टोकाला, गोठ्याला लागून. चार म्हशी, सायकलला लटकवायच्या किटल्या, नेरळच्या तीन सोसायट्यांना दूध. माझ्या अकरा घरांच्या यादीत हे घर नव्हतं, आणि ते विसरून राहिलं होतं असं नाही. मी नियमच केला होता, 'दूधविक्री करणारी घरं वगळावीत, कारण त्यांचं विरजण बाजारी असण्याची शक्यता.' विमलबाई साठीच्या, शेणानं भरलेले हात कोपरापर्यंत. मी सगळं सांगितलं. त्या आधी ऐकून घेत होत्या, मग कंबरेवर हात ठेवून हसायला लागल्या. "म्हंजे ते तुमीच व्हय! तीन दिस नुसती रीघ लागली माज्या मागल्या दारी. एक जाते तर दुसरी येते. मी म्हनलं, गावात लगीन हाय का काय, नि मला आवतान नाय! दोन येळा मडकं खाली झालं, परत लावलं." मी विचारलं, तुम्ही दिवे लागल्यावर देता? "देते की. संध्याकाळची धार काडून दूध इकते मी. दिवे लागल्यावर लक्ष्मी भायेर जाती म्हनतात, ती तर माज्याकडनं रोज सायकलवर बसून जाते नि पैसं घेऊन येते." आणि मला कोणी सांगितलं कसं नाही? त्यांनी हात पाण्यात बुडवले. "तुमी माज्याकडं आला कुटं, बाई? आला असता तर सांगितलं असतं."

ते विरजण त्यांनी कुठून आणलं हे मी विचारलं, आणि विचारताना शेवटी 'ना' लावला नाही. सासूचं आहे, त्या म्हणाल्या, सासूनं माहेराहून आणलेलं, आणि मध्ये एकदा मडकं फुटलं तेव्हा कोणाकडून आणलं ते त्यांना आठवत नाही. "उगाच कशाला खोटं सांगू." सुरभीनं तसंच लिहून घेतलं. नळी भरली, नाव घातलं. मग आम्ही आळीत शिरलो. पहिल्या घरी घरचं विरजण मिळालं, घट्ट, आंबट वासाचं. दुसऱ्या घरच्या बाईनं खाली मान घालून सांगितलं की त्या पाकिटातलं दही आणतात, सून नोकरी करते, कोण लावत बसणार. मी लिहिलं, पाकीट. तिसऱ्या घरचं पातळसर, तार सुटणारं निघालं. चमच्यानं उचललं तर तार तुटेना. या एका आळीत, वीस पावलांच्या अंतरावर, इतकं निराळं काहीतरी गेलं वर्षभर फडताळात बसून होतं, आणि मी जगाला सांगायला निघाले होते की ते सगळं एकच आहे. सुरभीनंही चमचा दोनदा बुडवून बघितला.

चौथं घर हिरामणचं. हिरामण रिक्षा पुसत होता, त्यानं ओळखलं, या या म्हणाला. ओट्यावर त्याची आई बसली होती, तांदूळ निवडत. मी बसले, आणि सांगितलं, मागच्या वेळी चुकीच्या वेळी आले होते, तुमच्या घरचं विरजण हवंय, थोडंसं. म्हातारीनं सुपातून डोकं वर काढलं नाही. "नाय देनार," ती म्हणाली. हिरामण ओशाळला. "आये, कालेजातल्या म्याडम हायेत गं. वाटीभर दिल्यानं काय होतंय?" "म्हस व्यालीय पाच दिस झालं. बारा दिस आमच्यातनं दुधाचं, दह्याचं कायबी भायेर जात नाय. राजा आला तरी नाय." माझ्या तोंडात वाक्य तयार होऊन बसलं होतं. हसरं होतं ते, चांगलं होतं, त्यानं कोणतीही म्हातारी विरघळली असती. दरम्यान हिरामणची बायको दारातून आत गेली होती, आणि मागच्या दाराची कडी वाजली. "वहिनी!" मी ओट्यावरूनच ओरडले. ती वाटी हातात घेऊन पुन्हा दारात आली, चेहरा उतरलेला. "कुठे निघालात? आई नाही म्हणाल्या ना? मग नाही. वाटी ठेवून द्या आत." ती सासूकडे बघायला लागली, हिरामण माझ्याकडे. म्हातारीनं आता पहिल्यांदा मान वर केली. तिनं मला नीट निरखलं, बराच वेळ, तांदळातला खडा आहे की तांदूळ हे ठरवताना बघावं तसं. मग सूप मांडीवरून खाली ठेवून म्हणाली, "बाराव्या दिशी ये. तवा देईन. उजेडाची ये." मी वही उघडली, चौथ्या घरापुढे रेघ ओढली आणि लिहिलं, 'मागितलं. नाही दिलं.' पेन टेकवून मी त्या तीन शब्दांकडे बघत राहिले, आणि मला इतका आनंद झाला की शेजारी बसलेल्या सुरभीला मी वही दाखवली.